घरी पाहासारखं काही हाय का गा?

कोहमाऱ्याच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला कुठंही जाता येतं. मुंबई-कोलकाता महामार्ग इथूनच जातो. सरकारने त्याचा नंबर ५३ केला, तरी जुनी माणसं त्याला अजून 'सहा नंबर'च म्हणतात. पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड, पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. उत्तरेला मुरदोलीच्या जंगलातून गोरेगाव आणि गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव. एवढ्या दिशा हाताशी असूनही संध्याकाळी पानठेल्यावर हमखास निघणारा प्रश्न कुठं जायचं हा नसतोच. आज घरी बसून पाहायचं काय, हा असतो.

ठेलेवाला पन्नीत सुपारी-तंबाखू घालून खर्रा घोटत असतो. (राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि खर्रा घोटणाऱ्यांचे दंड मजबूत आहेत, या दोन्ही गोष्टी खऱ्या.) घोटता घोटता तो शिफारस देतो. सिनेमाचं नाव, त्यात कोण आहे, मारामारी किती, एवढं झालं की गिऱ्हाईक तो निर्णायक सवाल टाकतं: "फॅमिलीसंगं चालते का?" यावर उत्तरं तीनच. "बिनधास्त पाहा." "पोट्टे झोपल्यावर." आणि तिसरं म्हणजे नुसतंच हसणं. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने २०२४ मध्ये 'यूए' या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग केले. ठेल्यावर ही विभागणी आधीपासून अंमलात होती आणि तिच्यासाठी समिती नेमावी लागली नव्हती.

या शिफारशीची खरी ताकद वेगळीच आहे. ती करणारा माणूस दुसऱ्या दिवशी तिथंच सापडतो. 'फॅमिलीसंगं बिनधास्त' म्हणून सांगितलेल्या मालिकेत पाचव्या मिनिटाला कुणी शर्टाची बटणं सोडायला लागलं आणि समोर सासरे बसलेले असले, तर सकाळी सातच्या आत ठेल्यावर जाब विचारता येतो. टीव्हीतल्या शिफारशीला हे भय नाही. 'तुमच्यासाठी खास' असं लिहून ती मोकळी होते, आणि तिची कॉलर धरायची म्हटली तर कॅलिफोर्नियापर्यंत जावं लागेल. कोहमाऱ्यावरून तिकडं थेट बस नाही.

तरीही त्या यंत्राने प्रयत्न केले नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केलं की आमच्या शिफारशी जो १० टक्क्यांनी अचूक करून देईल त्याला १० लाख डॉलर रोख. जगभरचे गणिती तीन वर्षं पाटीला पाटी लावून बसले. सप्टेंबर २००९ मध्ये एका संघाने बाजी मारली. तेवढ्याच अचूकतेचं उत्तर दुसऱ्याही एका संघाने दिलं होतं, पण ते पोचलं वीस मिनिटं उशिरा. वीस मिनिटांमुळे हुकलेली गोष्ट म्हणजे काय, हे गोंदियाची शेवटची बस चुकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढची मजा अशी की बक्षीस दिलं, फोटो काढले, आणि ते जिंकलेलं संपूर्ण गणित कंपनीने वापरलंच नाही. ते बसवायला जेवढी यातायात लागली असती, तेवढा फायदा दिसत नव्हता म्हणे. योजना मंजूर व्हावी, निधी वाटला जावा, उद्घाटन व्हावं आणि काम मात्र होऊ नये, हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो असं मानणाऱ्यांना यातून बराच धीर मिळतो.

२०१७ पासून तिथं तारे देणं बंद झालं आणि प्रत्येक सिनेमापुढे 'इतके टक्के जुळतो' असा आकडा दिसू लागला. म्हणजे अखेर पत्रिकाच. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पाहायचं आणि होकार द्यायचा. पण पत्रिका जुळवायला निदान एक मुलगा आणि एक मुलगी लागते. इथं एका खात्याच्या पलीकडे अख्खं घर बसलेलं असतं. आजोबांनी सकाळी भजनं ऐकलेली असतात, मुलाने दुपारी दक्षिणेतला डब केलेला मारधाडपट पाहिलेला असतो, सुनेने रात्री कोरियन मालिका आणि नातवाने मधल्या वेळेत मोटू-पतलू. यंत्राला वाटतं, हा एकच माणूस आहे. पहाटे देवाचं नाव घेतो, दुपारी वीस जणांना उडवतो आणि रात्री रडतो. अशा माणसाला काय दाखवावं हे त्या बिचाऱ्याला सुचत नसलं तर दोष त्याचा नाही.

मग जेवणं आटोपल्यावर रिमोट हातात घेतलेला माणूस यादी सरकवायला लागतो. हे नको, ते पाहिलंय, हे इंग्रजी, त्यात तो मरतो. चित्रावर बोट थांबलं की झलक आपोआप वाजायला लागते, म्हणून बोट थांबवायचीही भीती. अर्ध्या तासाने घरातल्या सगळ्यांनी वीस सिनेमांची सुरुवात पाहिलेली असते आणि आजोबा म्हणतात, "लाव ना गा आता एखादं, मले नीज येऊन राहिली." लोकांची ही अवस्था नेटफ्लिक्सच्याही लक्षात आली होती. २०२१ मध्ये त्यांनी एक बटण आणलं. ते दाबलं की ते आपलं आपणच काहीतरी लावून द्यायचं. दोन-एक वर्षांत ते गुंडाळलं. निवडायचं म्हटलं की माणूस कुरकुरतो, पण दुसऱ्याने निवडलं तर हमखास भांडतो. घरात दोनपेक्षा जास्त माणसं असलेल्या कुणालाही हे फुकट सांगता आलं असतं.

त्याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की आमची खरी स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. मोठा विचार म्हणून तो जगभर छापून आला. झाडीपट्टीत मात्र त्याचं हसू यावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात झोपेला हरवण्याचा धंदा कितीतरी जुना आहे, आणि त्याचं मुख्यालय कॅलिफोर्नियात नसून वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला आहे. दिवाळी झाली, भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरते आणि रात्री नाटक. नऊ-दहाला पडदा उघडतो तो पार पहाटेपर्यंत. मध्ये गाणी, नाच, विनोदी पात्रांचा धुमाकूळ, पुन्हा रडारड, पुन्हा नाच. डिसेंबरच्या थंडीत कानाला मफलर बांधून, पोरं मांडीवर झोपवून लोक बसलेले असतात. 'पुढचा भाग पाच सेकंदांत सुरू होत आहे' असं सांगून त्यांना कुणी धरून ठेवावं लागत नाही. याच रंगभूमीवर आयुष्यभर लोकांना हसवणारे, 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणून ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नाटकाची शिफारसही मंडईच्या रीतीने होते. गाडीवर भोंगा लावून गावातून जाहिरात फिरते, तिला फारसं कुणी मनावर घेत नाही. ज्या गावात आदल्या आठवड्यात प्रयोग झाला, तिथल्या सोयऱ्याचा फोन येतो: "पाहजो, लगित चांगलं हाय. माय रडली आमची." माय रडली म्हणजे पाच तारे. माय रडली आणि बापही रडला, तर तिकिटं आधीच काढून ठेवायची.

निवड करावी लागणं ही चैनच अलीकडची. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी 'रामायण' पाहायचं की नाही, असा प्रश्नच नव्हता. टीव्ही कुणाच्या घरी आहे आणि आपली मुलं तिथं दारातल्या चपलांच्या किती जवळ बसतील, एवढाच काय तो प्रश्न. त्यानंतर व्हिडिओचे दिवस आले. वर्गणी काढायची, व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा आणि रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे, कारण भाडं रात्रीचं. पहिला सिनेमा देवाधर्माचा किंवा घरगुती, त्याला बायाबापड्या. दुसरा मारामारीचा, त्याला सगळे. तिसरा कुठला असावा यावर मंडळात मतभेद होत, पण तो लागेपर्यंत मतभेद असणारे बहुतेक जण तिथंच आडवे झालेले असत.

टाळेबंदीत हेच 'रामायण' २८ मार्च २०२० पासून पुन्हा लागलं, आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचा दावा दूरदर्शनने केला. गंमत पाहा. घराघरांत स्मार्टफोन होते, जिओने २०१६ मध्ये स्वस्त केलेला डेटा होता, जगभरच्या मालिका होत्या आणि बाहेर जायला बंदी होती. एवढी सगळी अनुकूलता असताना देशाने काय निवडलं, तर ज्याचा शेवट सगळ्यांना पाठ आहे ते. यात लोकांचं काही चुकलं असं वाटत नाही. शेवट ठाऊक असला की माणूस निवांत बसतो.

पुण्याला नोकरी करणारा पुतण्या हा मात्र वेगळ्या जातीचा शिफारसकर्ता. तो दिवाळीला येतो तेव्हा यादी घेऊनच येतो आणि जाताना ती टीव्हीत भरून जातो. त्याच्या यादीत चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' असतोच. असायलाही हवा. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवलेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, ऑस्करला भारताची प्रवेशिका म्हणून गेलेला मराठी सिनेमा. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे साकारला तो नागपूरच्या वीरा साथीदारांनी, म्हणजे आपल्याकडच्याच माणसाने. काका उत्साहाने सिनेमा लावतात.

'कोर्ट'मध्ये कॅमेरा एका जागी बसतो आणि हलत नाही. समोर कनिष्ठ न्यायालयाची खोली, तारखा, कागद, पंखे. पहिल्या पंधरा मिनिटांत काका उठून टीव्हीजवळ जातात. "नेट अटकलं वाटते." नेट चालू असतं. ते परत बसतात. थोड्या वेळाने पुन्हा, "हे पाहा, पुन्हा अटकलं." तेवढ्यात पडद्यावरचा वकील पान उलटतो आणि काकांचा नाइलाज होतो. तासाभरात मात्र घर त्या लयीत शिरतं, कारण एक गोष्ट काकांच्या ध्यानात येते: शेताच्या बांधाच्या केसमध्ये गोंदियाच्या कोर्टात त्यांनी जे वर्षानुवर्षं पाहिलं, ते हुबेहूब हेच. न्यायाधीश तारीख देतात तेव्हा काका पडद्याच्या आधी तारीख सांगतात. बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश घ्यायला नकार देतात, तेव्हा काकू म्हणतात, "बापा!" पुतण्याने समीक्षेत वाचलेले सगळे मुद्दे त्या एका 'बापा'त येऊन जातात.

आणि मग तो प्रसंग येतो. कामकाज संपतं, लोक उठतात, शिपाई एकेक दिवा मालवतो, दारं लागतात आणि पडदा काळाकुट्ट होतो. तसाच राहतो. घरात एकच गलका: "लाईन गेली!" कुणी इन्व्हर्टरकडे धावतं, कुणी शेजाऱ्याकडे दिवा आहे का ते पाहायला. पंखा डोक्यावर फिरतोय हे लक्षात येईपर्यंत काकांनी निर्णय दिलेला असतो: संपला सिनेमा, झोपा आता. वास्तविक पुढे न्यायाधीशसाहेबांच्या सुट्टीचा सगळा भाग बाकी असतो, आणि जाणकारांच्या मते सिनेमाचं मर्म तिथंच आहे. कोहमाऱ्यात ते मर्म कुणी पाहिलेलं नसणं अगदी शक्य आहे. तरी सिनेमा कळला नाही असं म्हणण्याची हिंमत करू नये.

'कोर्ट'मधल्या त्या सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी, पुढे 'गुल्लक' या हिंदी मालिकेत मध्यमवर्गीय आई होऊन आल्या. ती मालिका घरातल्या कुणाशीही भांडण न होता पाहता येते आणि भाग छोटे आहेत. ठेल्यावरचा शेरा: बिनधास्त.

अमित मसुरकर या दिग्दर्शकाचे दोन हिंदी सिनेमे कोहमाऱ्यात पाहणं म्हणजे मात्र परीक्षकांच्या खोलीत बसून पेपर सोडवणं. 'न्यूटन' २०१७ मध्ये आला. छत्तीसगडच्या जंगलातलं एक मतदान केंद्र, ७६ मतदार आणि नियमावर बोट ठेवणारा न्यूटन नावाचा एक तरुण कर्मचारी. चित्रीकरण दल्ली राजहऱ्याच्या परिसरातलं, म्हणजे महामार्गाने देवरी ओलांडून गेलं की त्याच बाजूचं. इथल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना निवडणुकीची ड्युटी नवी नाही. कोहमारा ज्यात येतं त्या अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघात, बाकी बहुतेक महाराष्ट्र संध्याकाळी सहापर्यंत मत देत असताना, सुरक्षेच्या कारणाने दुपारी तीनलाच मतदान संपवतात. त्यामुळे न्यूटन घड्याळाकडे पाहायला लागला की मुंबईचा समीक्षक लोकशाहीविषयी विचार करतो आणि इथले गुरुजी म्हणतात, "याचं लक्ष घड्याळात हाय. पेट्या जमा कराले किती वाजतील ते पाह्य." राजकुमार रावचा अभिनय त्यांना आवडला. फक्त त्याने भत्त्याचा विषय एकदाही काढला नाही, हे त्यांच्या मते वास्तवाला धरून नाही.

'शेरनी' जून २०२१ मध्ये थेट प्राइम व्हिडिओवर आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या अवनी वाघिणीच्या २०१८ मधल्या प्रकरणाची सावली त्यावर स्पष्ट दिसते. शूटिंग शेजारच्या बालाघाटच्या जंगलात झालं, आणि त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे विद्या बालन यांचा मुक्काम गोंदियात होता. एवढं झाल्यावर तो सिनेमा इथं शांतपणे कोण पाहणार? नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या अंगणात राहणारा प्रत्येक माणूस वाघतज्ज्ञ असतो. पावलांचा ठसा दिसला की, "हा मादीचा नाही." मचाण दिसलं की, "इतकं खाली कोनी बांधते का?" वनरक्षक दिसला की, "आपला भाचा असाच दिसते." शिवाय 'जय'चा विषय निघतोच. नागझिऱ्याचा हा देखणा वाघ २०१३ मध्ये चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथं नाव कमावलं आणि एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसलाच नाही. रहस्य, प्रवास, प्रेमप्रकरणं, आणि शेवट उघडा. दहा भागांची मालिका यात तयार आहे. कोहमाऱ्यात ती रोज सांगितली जाते, प्रत्येक ठेल्यावर निराळ्या शेवटासह.

एवढ्या तज्ज्ञ मंडळींसमोर सिनेमातली वाघीण अपुरी पडते यात तिचा दोष नाही. पण प्रस्तुत लेखकाच्या मते 'शेरनी' पाहावा तो वाघिणीसाठी नव्हेच, तर त्यातल्या कचेरीसाठी. साहेब, पार्टी, ठराव, फाईल आणि ऐनवेळी गायब होणारी माणसं. ते सारं वाघापेक्षा जास्त भीतिदायक आहे आणि अगदी खरं उतरलंय.

मराठी मालिकांना शिफारस लागत नाही. त्या घरात असतातच. संध्याकाळी सात ते दहा रिमोट आजीकडे असतो आणि त्यावर अपील नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. चार दिवसांचा हिशेब देवाच्या दरबारातला असावा. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं गरोदरपण एवढं लांबलं की त्यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. धान पेरून, रोवणी करून, कापून, मळून घरी आलं तरी जान्हवीला कळा येईनात. विदर्भाच्या वाट्याला 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका आली, थेट नागपूरकडची. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, पण त्यांनी तो हेल असा उचलला की इथल्या बायकांनी तिला सरळ आपल्यात घेतलं. नवऱ्याने फसवलं, तर राधिकेने मसाले कुटले आणि कुटता कुटता शेकडो कोटींची मालकीण झाली. तो मसाला नेमका काय भावाने जात होता, हे आजींना आजतागायत समजून घ्यायचं आहे.

सुनेच्या कोरियन मालिकेवर आजीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. सगळे सारखेच दिसतात, अशी तक्रार. दुसऱ्या दिवशी जाता जाता पाच मिनिटं थांबल्या. तिसऱ्या दिवशी बसल्या, सून खालची अक्षरं वाचून मराठीत सांगत राहिली. आजींच्या मनात जे भरलं ते असं: ही माणसं मोठ्यांपुढे कमरेत वाकतात, जमिनीवर बसतात आणि तिन्ही त्रिकाळ भात खातात. भात खाणारी माणसं वाईट असूच शकत नाहीत, हे गोंदिया जिल्ह्याचं अधिकृत मत म्हणायला हरकत नाही. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये दक्षिण कोरियाची श्रीमंत मुलगी वाऱ्याने भरकटत उत्तर कोरियात पडते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्यावर तिचा जीव जडतो. सोळा भागांत सगळं मिटतं. सोळाच! आजींना हे खरं वाटेना. "अवं, आत्ता कुठं ओळख झाली होती," एवढंच त्या म्हणाल्या आणि दोन दिवस नाराज होत्या.

घरातल्या सगळ्या पिढ्या एका खोलीत बसून पाहतात अशी गोष्ट दुर्मिळच, पण 'पंचायत' त्यांतली आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये पहिला भाग आला. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावाची, चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोरजवळच्या महोडियात आणि माणसं मात्र आपल्याच ग्रामपंचायतीतून उचललेली. रघुवीर यादव दिसताच आजोबा 'मुंगेरीलाल!' म्हणून सरसावून बसतात, १९८९ नंतर आत्ताच भेट होत असल्यासारखे. नीना गुप्ता गावच्या निवडून आलेल्या प्रधान आणि कारभार पाहतात त्यांचे यजमान, हे पाहून सगळं घर खदखदून हसतं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत, त्यामुळे खुर्चीवर बाई आणि सहीच्या कागदावर नवरा वाकलेला, हे दृश्य आपल्याकडेही पाहायला मिळत नाही असं नाही. हसू ओसरल्यावर काकू काकांकडे पाहतात. काका मागच्या खेपेला त्यांचा अर्ज भरायचा म्हणत होते, आणि आता तो विषय पुन्हा निघणार नाही अशी व्यवस्था काकू चहा करायला उठता उठता करून टाकतात.

झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांवरही एक सिनेमा आहे, तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड', २०२२ चा. ज्यांनी मंडईतली रात्र कधी काढली नाही त्यांनी तो पाहावा. ज्यांनी काढली आहे ते पाहताना सिनेमा दोन तासांतच का आटोपला, असं विचारतील.

आणि यादीत सगळ्यात वर, पानठेला, पुतण्या आणि यंत्र अशा तिघांचंही एकमत होईल न होईल, पण 'स्थळ' असायला हवा. जयंत सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव या आपल्याच गावात, गावातलीच माणसं घेऊन केला. २०२३ च्या टोरंटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो महाराष्ट्रातल्या थिएटरांत लागला. सविता नावाच्या शिकणाऱ्या मुलीला पाहायला पाहुणे येतात. पुन्हा येतात. पुन्हा येतात. तेच पोहे, तेच पाट, तेच प्रश्न: नाव काय, उंची किती, कोणता विषय घेतला. सुरुवातीलाच उलटा प्रसंग आहे, बायका बसल्यात आणि मुलगा ट्रे घेऊन येतो. तिथं घरातल्या मुली मोठ्याने हसतात आणि पुरुष घसा खाकरतात.

हा सिनेमा पाहताना कोहमाऱ्यातल्या घरात कुणीही 'नेट अटकलं' म्हणत नाही. इकडं मंडईला मुद्दाम सोयरे बोलावतात ते नुसतं नाटक दाखवायला नव्हे. त्या गर्दीत मुलगी पाहून घेण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे पडद्यावरचं सगळं ओळखीचं निघतं. भाषाही आपलीच, 'मले', 'तुले' करणारी. एरवी मालिकेत ती बोली नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी असते. इथं ती मुलीच्या बापाच्या तोंडी आहे, आणि कापसाला भाव नाही हे तो तिच्यातच सांगतो.

मध्यंतराच्या सुमारास आजी मांडी बदलून बसतात. तिसऱ्या स्थळाचा मुलगा त्यांना बरा वाटलेला असतो. "याले हो म्हना ना," त्या पडद्याला सांगतात. नात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, आजीकडे वळून म्हणते, तिले शिकायचं हाय ना आजी. आजी जरा गप्प बसतात, मग विचारतात की शिकून झाल्यावर हुंडा कमी लागेल का. नात म्हणते, नाही. "मंग त मुलीच्या बापानं सिनेमा बंद कराव," आजी म्हणतात, आणि काका रिमोट उचलून घट्ट मुठीत धरतात, कारण साकोलीचे पाहुणे रविवारी येतो म्हणालेत आणि घरात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.